स्वस्तातला ऑटो लॉकर बसवताय? आधी या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की प्रश्न सुरू होतात. दादा, जिप्सीला लॉकर टाकायचाय, बजेट कमी आहे, कुठला घेऊ? मी उलट विचारतो, ॲक्सलच्या शाफ्टला स्प्लाइन (टोकाचे दाते) किती, टायर कुठले, गाडी रोज ऑफिसला नेतोस का? उत्तर एकाचंही नसतं, पण कार्टमध्ये माल टाकून झालेला असतो.

आधी थोडं बेसिक, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. डिफ म्हणजे डिफरन्शियल, वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. लॉकर ती दोन्ही चाकं एकत्र बांधतो, म्हणजे एक चाक चिखलात नुसतं फिरलं तरी दुसरं गाडी ओढतं. स्वस्तातला ऑटोमॅटिक लॉकर म्हणजे बहुतेक वेळा लंचबॉक्स लॉकर. लॉक-राइट, ऑसी, स्पार्टन ही त्यातली नावं. हे तुमच्याच डिफच्या केजमध्ये (आतले गिअर धरणाऱ्या चौकटीत) बसतात, आतले स्पायडर गिअर आणि साइड गिअर काढायचे आणि त्या जागी हा घालायचा. क्राउन-पिनियनची (डिफ फिरवणाऱ्या मोठ्या गिअरजोडीची) सेटिंग हलवावी लागत नाही, म्हणून स्वस्त पडतं. डेट्रॉइट लॉकरमध्ये अख्खी केज बदलते, तो जास्त दणकट, पण सेटिंग करणारा चांगला मेस्त्री हवा आणि पैसेही तसेच. एअर लॉकर म्हणजे बटण दाबून लावायचा, तो ऑटोमॅटिक नव्हेच, वर कंप्रेसरचा खर्च वेगळा.

काम कसं करतो? इंजिनचा जोर आला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, तेव्हा त्या बाजूचा दात सुटतो आणि कट-कट आवाज येतो. तो आवाज ऐकून "लॉकर गेला" म्हणत गाडी गॅरेजला नेऊ नका, उलट तो यायलाच पाहिजे.

आता सगळ्यात मोठी चूक, गाडीच्या नावावर ऑर्डर करणं. लॉकर गाडीला बसत नाही, ॲक्सलला बसतो. एका ओळखीच्या माणसाने जुन्या जीपसाठी बाहेरून लॉकर मागवला, कारण कोणीतरी सांगितलं की मागे "डाना ४४" जातीचा ॲक्सल आहे. एवढ्याच माहितीवर. अरे, डाना ४४ मध्ये १०, १९ आणि ३० स्प्लाइनचे शाफ्ट आलेत, आणि अख्ख्या केजचा लॉकर घेत असाल तर क्राउन-पिनियनच्या गिअर रेशोवरूनही केज बदलते, ३.७३ आणि त्याखालची वेगळी, ३.९२ आणि त्यावरची वेगळी. या गृहस्थांनी कस्टम ड्युटी भरली, कुरिअरची वाट पाहिली, शनिवारी मित्र जमवून हौसिंग (ॲक्सलचं कवच) उघडलं आणि शाफ्ट काढून बघतात तर दाते जुळेनात. परत पाठवायचा तर कुरिअरचा खर्च अंगावर, इथे विकायचा तर गिऱ्हाईक नाही. तो डबा अजून त्यांच्या कपाटात आहे आणि विषय काढला की ते चहा मागवतात.

म्हणून माझी सवय साधी आहे. आधी एक ॲक्सल शाफ्ट बाहेर काढायचा, दाते दोनदा मोजायचे, फोटो काढायचा, केज ओपन म्हणजे साध्या डिफचीच आहे याची खात्री करायची (लिमिटेड स्लिप, म्हणजे चाकाचं नुसतं फिरणं थोडंफार रोखणाऱ्या डिफच्या केजमध्ये लंचबॉक्स बसत नाही), आणि मग ऑर्डर. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय काय बदललंय ते देवालाच माहीत, त्यामुळे आरसी बुकवर विश्वास ठेवू नका.

दुसरी लाडकी चूक म्हणजे फुकटातला लॉकर. डिफ वेल्ड करणे. कुठल्यातरी गॅरेजवाल्याने सांगितलेलं असतं, "साहेब एवढे पैसे कशाला घालताय, दोन रॉड मारतो, झालं काम." आमच्या ग्रुपमधल्या एकाने केलं. पहिल्या चिखलात गाडी अशी निघाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघातिघांनी तर त्या गॅरेजचा पत्ताही घेतला. मग गाडी ताम्हिणीतून परत यायला निघाली. वेल्ड केल्यावर मागची दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतात, म्हणजे प्रत्येक वळणावर एक टायर घासला जाणार आणि गाडीला सरळच जायचं असणार. ओल्या वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि पुढची चाकं वळूनही गाडी समोरच्या कठड्याकडे निघाली. स्पीड कमी होता म्हणून वाचला. तरी अक्कल आली नाही. पुढच्या ट्रिपला ओढ्यातल्या दगडांत शाफ्ट स्प्लाइनपाशी तुटला, ट्रॅक्टर बोलावून गाडी काढली, आणि हौसिंग उघडलं तर वेल्डचे तुकडे तेलात फिरून क्राउन-पिनियनचे दातसुद्धा खाऊन टाकलेले. भंगारवाल्याकडून अख्खा ॲक्सल आणावा लागला. त्या पैशात लंचबॉक्स आला असता आणि वर टायरही. फक्त शेतात किंवा ट्रॅकवर चालणारी, ट्रेलरवर जाणारी गाडी असेल तर करा वेल्ड, रोड पासिंगच्या गाडीला नाही म्हणजे नाही.

नवीन थारवाल्यांसाठी वेगळं. तुमच्या मागच्या डिफमध्ये ईटनचा मेकॅनिकल लॉकर असेल तर तुमच्याकडे ऑटो लॉकर आधीच आहे, पण सगळ्या थारमध्ये तो नसतो, व्हेरियंट बघा. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये ही जात १९७३ पासून आहे. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की तो लागतो आणि ताशी ३० किमीच्या वर गेलात की लागत नाही. म्हणजे चाक थोडं फिरू द्यावंच लागतं. पण लोक काय करतात, चाक फिरलं की घाबरून पाय काढतात, परत देतात, परत काढतात, आणि म्हणतात लॉकर चालत नाही. नाहीतर दुसरं टोक, पाय फरशीला. चाक भन्नाट फिरत असताना लॉक झाला की धाडकन आवाज येतो आणि आतल्या कुठल्यातरी पार्टचं आयुष्य संपतं. हलका, एकसारखा ॲक्सिलरेटर द्या आणि श्वास घ्या. घाईवाल्यांना हे कितीही सांगा, ऐकत नाहीत.

पहिला लॉकर पुढच्या ॲक्सलला टाकू नका. फोर बाय फोरमध्ये स्टिअरिंग जड होतं आणि पुढचे जॉइंट तुटतात.

गुळगुळीत टायरवर लॉकर म्हणजे दोन्ही चाकं मिळून जागेवर फिरणार. आधी टायर, मग हवा कमी करायची सवय, मग लॉकर.

फिटिंग करताना फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरा, लॉकरच्या दोन अर्ध्या भागांमधला गॅप मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मापात बसलाच पाहिजे. "बसला ना आत" हे माप नाही. केज किंवा वॉशर झिजलेले असतील तर गॅप वाढतो आणि जोर आला की दात निसटतात. तेल जीएल-५, ८०डब्ल्यू-९० किंवा आवाज फार होत असेल तर ८५डब्ल्यू-१४०. पहिलं तेल मी हजार किमीच्या आत काढून टाकतो, त्यात चुरा असतोच.

आता तक्रारी. सरळ रस्त्यावर सतत कट-कट येत असेल तर आधी मागच्या दोन्ही टायरची हवा बघा, मग झीज बघा. एक नवा आणि एक जुना टायर लावून लॉकरला शिव्या देणारे मी भरपूर पाहिलेत. चाकांचा घेर वेगळा असला की बिचाऱ्याला सरळ रस्तासुद्धा वळणच वाटतो. गिअर टाकताना धप्प आवाज येतो? प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि इंजिन माउंटिंग तपासा, तिथला ढिलेपणा आधीपासून होता, आता लॉकरमुळे ऐकू येतोय. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी, एवढ्या आखूड गाडीत भर वळणात पाय सोडला की मागून झटका जाणवणारच. पावसात घाटात तेवढं एक लक्षात ठेवा, वळणाच्या आधी स्पीड कमी करा आणि वळणात पाय स्थिर ठेवा. वळताना आवाजच येत नाही आणि टायर घासतोय, तर आत काहीतरी अडकलंय, उघडा.

घरी चेक करायचं तर मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. मित्राला एक चाक पुढच्या दिशेने दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दुसरं मागे फिरवा, कट-कट करत फिरलं पाहिजे. दोघांनी एकाच दिशेने ढकललं तर अडकलं पाहिजे. मग बाजू बदलून परत तेच. आणि एकच चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा प्रकार लॉकरवाल्या गाडीत कधीच करू नका, जमिनीवरचं चाक गाडीला सरळ जॅकवरून खाली ढकलून देतं.