मामांच्या जुन्या कॉम्प्युटरकडे जाण्याआधी

रविवारी नाशिकजवळच्या मखमलाबादला मामांकडे जायचं आहे. त्यांचा कॉम्प्युटर २०१०च्या सुमाराचा. दोन जीबी रॅम, विंडोज ७, आणि क्रोम उघडेपर्यंत मामींचा चहा होऊन कप हातात येतो. ‘एखादा हलका ब्राउझर टाकून दे रे’, एवढंच मामांचं मागणं. असा कॉम्प्युटर आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे, म्हणून माझी तयारी इथे नीट मांडतो.

निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्यायच्या. पहिली, कॉम्प्युटरवर रोज नेमकं काय करता? मामांचं ठरलेलं आहे: सातबारा, हवामान, द्राक्षाच्या छाटणीचे व्हिडिओ आणि बँकेचं खातं. बँक म्हटलं की अर्धा निर्णय तिथेच होतो, कारण सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या ब्राउझरवर पैशाचा व्यवहार करू द्यायचा नाही, तो कितीही हलका असो. दुसरी गोष्ट, कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि ‘पॉज’ एकत्र दाबून समोर येईल ते वाचून दाखवायला सांगायचं. प्रोसेसरचं नाव, रॅम, आणि ३२ बिट (जुनी रचना) की ६४ (नवी) हे लिहून घ्या. इथे एक बारकावा आहे. त्या काळात ६४ बिट प्रोसेसरवरही सर्रास ३२ बिट विंडोज टाकलेली असे, त्यामुळे स्क्रीनवर ३२ दिसलं म्हणून मशीनला मोडीत काढू नका. कोअर टू ड्युओ किंवा पहिल्या पिढीचा आय-३ असेल तर तो ६४ बिटच आहे.

हे सगळं कशासाठी, तर विंडोज ७चा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये काढून घेतला आणि क्रोम तिच्यावर १०९ क्रमांकाशी, २०२३च्या सुरुवातीला थांबला. फायरफॉक्सच्या ११५ या दीर्घ मुदतीच्या मालिकेला मोझिलाने विंडोज ७साठी पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली, पण तो तात्पुरता आसरा. विंडोज १०ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. म्हणून ब्राउझर शोधताना माझा पहिला प्रश्न ‘किती एमबीचा’ हा नसतो, ‘याला शेवटचं अपडेट कधी आलं’ हा असतो.

हलक्या ब्राउझरची नावं शोधली तर ढिगाने सापडतात. डिलो खरोखरच इवलासा आहे, पण तो पानं हलती-चालती ठेवणारी जावास्क्रिप्ट चालवत नाही, म्हणजे बँक नाही आणि व्हिडिओही नाही. फाल्कन दिसायला आटोपशीर, पण त्याच्या पोटात क्रोम ज्यावर बेतलाय त्या क्रोमियमचंच इंजिन, त्यामुळे जड पान तिथेही जडच. पेल मून जुन्या फायरफॉक्सच्या वंशातला, स्वतःच्या इंजिनावर चालणारा. जुन्या मशीनवर चपळ वाटतो, पण काही नव्या साइट त्यात नीट उघडत नाहीत. मामांसारख्या माणसाला मी यातला एकही देणार नाही. ओझं मुळात पानांचं असतं. बातमीचं एक पान उघडलं की त्याच्या मागोमाग जाहिराती, माग काढणाऱ्या स्क्रिप्ट, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ असं सगळं वऱ्हाड येतं. ते दारातच अडवलं की साधा फायरफॉक्सही हलका होतो. त्यासाठी यूब्लॉक ओरिजिन हे ब्राउझरला जोडायचं फुकट एक्स्टेन्शन पुरेसं आहे. क्रोमने त्याची पूर्ण आवृत्ती बंद केली, फायरफॉक्सवर ती अजून चालते.

आता पिशवी भरायची. दोन पेन ड्राइव्ह. एकावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी, अपडेट मिळणारी फुकट प्रणाली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, दुसरा मामांचे फोटो, कागदपत्रं आणि जुन्या ब्राउझरमधले बुकमार्क काढून घ्यायला रिकामा. मिंट फक्त ६४ बिटवर चालतं, प्रोसेसरच ३२ बिट निघाला तर अँटीएक्स ही तशीच दुसरी हलकी प्रणाली न्यावी. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरून जुनी दोन जीबीची रॅम घ्यायची असेल तर मशीनमधली पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. पैसे थोडे जास्त घालता आले तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क घाला, कारण रॅम कमी पडली की कॉम्प्युटर डिस्कवर हेलपाटे घालतो आणि खरी रखडपट्टी तिथेच होते. धूळ झटकायला मऊ ब्रशही घ्या.

आणि सीआर-२०३२चा बटण सेल विसरू नका. मागच्या दिवाळीत मामांचा कॉम्प्युटर एकही साइट उघडेना. प्रत्येक पानावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. मी तासभर ब्राउझरशीच झटत बसलो. मग नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली: १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल संपला होता, वीज गेली की तारीख मागे जायची. साइट खरी असल्याचं ब्राउझरला दाखवणाऱ्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि २००९ साली ती प्रमाणपत्रं जन्मालाही आली नव्हती. घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या सेलने काम झालं. ब्राउझर बदलण्याआधी तारीख बघायची, हे तेव्हापासून माझ्या यादीत आहे.

तिथे पोचल्यावर लगेच काही पुसायचं नाही. आधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी अक्षरं बघायची. जोडाक्षरं फुटत असतील तर नोटो देवनागरी फॉन्ट टाकायचा. सगळं जमलं आणि मामांना पटलं, तरच इन्स्टॉल.

मग छाटणीचा व्हिडिओ लावून बघायचा. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या नव्या पद्धतीत दाबून लहान करून पाठवतं, आणि जुन्या ग्राफिक्स चिपला त्या उलगडता येत नाहीत, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडून पंखा घोंघावायला लागतो. ‘एच२६४इफाय’ एक्स्टेन्शन टाकलं की एच-२६४ या जुन्या पद्धतीतला व्हिडिओ मागवला जातो, जो जुन्या चिपलाही बऱ्याचदा झेपतो. तरीही अडखळला तर व्हिडिओचा दर्जा ४८० वर आणायचा. काडी कुठल्या डोळ्यावर कापली हे तेवढ्यातही स्पष्ट दिसतं.

शेवटी बारीकसारीक कामं: साइटना दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानग्या काढणं, चार बुकमार्क वरच्या पट्टीत ठेवणं, अक्षरं १२५ टक्के करणं. मग खुर्ची मामांना द्यायची. सातबाऱ्याच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव त्यांनीच निवडायचं, गट नंबर त्यांनीच टाकायचा, आणि उतारा समोर येईपर्यंत मी माउसला हात लावायचा नाही.