खडी-क्रश सँड मागवताना: गाडी वेळेवर आणि माप पूर्ण

स्लॅबच्या आदल्या दिवशीचा वायदा धरूच नका. खडी असो की क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), माल निदान तीन दिवस आधी साइटवर हवा. ॲडव्हान्स थोडाच द्या, बाकी मोजल्यावर. दर, किती ब्रास (मालाचं माप), तारीख व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि आदल्या संध्याकाळी गाडीचा नंबर मागा. नंबर मिळाला नाही, तर गाडी ठरलेलीच नाही असं समजा आणि लगेच दुसऱ्या क्रशरला (खडी फोडणाऱ्या कारखान्याला) फोन करा.

माप गाडीचा हौदा खाली करण्याआधीच घ्या. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. आतून लांबी 12, रुंदी 7, मालाची उंची अडीच फूट असेल, तर 210 घनफूट, म्हणजे 2.1 ब्रास. उंची मधल्या ढिगावर मोजू नका: चार कोपरे आणि मध्य, पाचही ठिकाणी लोखंडी गज तळापर्यंत खुपसून सरासरी काढा. फसगत इथेच होते. ओलसर बारीक वाळू फुगते, म्हणून अशा ओलसर मालाचं माप कमी धरा.

वाहतूक पासवरचा (माल नेण्याच्या सरकारी परवान्यावरचा) नंबर गाडीशी जुळवा. सांगलीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात आधी मुरूम टाका, नाहीतर डंपर रुततो आणि ड्रायव्हर माल रस्त्यावरच ओततो.