नौकेच्या पंख्याच्या शाफ्टसाठी लेथवर स्टेडी आणि टॉप स्लाइड लावताना

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि मिरकरवाड्यापासून देवगडापर्यंतच्या वर्कशॉपमध्ये पंख्याचे (प्रॉपेलरचे) शाफ्ट, म्हणजे दांडे, लेथवर (दांडा फिरवून कापण्याच्या यंत्रावर) चढू लागतात. शाफ्टच्या टोकाचा टेपर (निमुळता भाग) पंख्याच्या भोकात पूर्ण लांबीवर टेकला पाहिजे. तो टेकत नाही तेव्हा पुष्कळ जण टूलला दोष देतात; माझ्या मते बहुतेक वेळा चूक शाफ्टला दिलेल्या आधारात असते. म्हणून टॉप स्लाइडचा, म्हणजे टूल धरून कोनात फिरवता येणाऱ्या वरच्या सरकत्या भागाचा, नट सैल करण्यापूर्वी आधार पक्का करावा.

प्रथम टेलस्टॉक, म्हणजे शाफ्टचे दुसरे टोक सेंटरने (टोकदार आधाराने) धरणारा भाग, तपासावा. दोन्ही टोकांजवळ कॉलर (जाड कडे) ठेवलेला जाड बार दोन सेंटरमध्ये धरून, क्रॉस स्लाइड (टूल आडवे आत-बाहेर नेणारा भाग) न हलवता, दोन्ही कॉलरवर हलका कट घ्यावा. टेलस्टॉककडील व्यास ०.०४ मिमी मोठा आला तर टेलस्टॉक आपल्या बाजूला ०.०२ मिमी सरकवावा. हे सरकवणे डायल गेज (काट्याने बारीक हालचाल दाखवणारे माप) लावूनच करावे.

आता स्टेडी, म्हणजे शाफ्टला तीन बोटांनी आधार देणारी चौकट. जुन्या शाफ्टवर बुशच्या (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीच्या) जागी झीज होऊन खाचा पडलेल्या असतात, त्या जागी स्टेडी कधीही लावू नये. शाफ्ट चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) व टेलस्टॉकच्या सेंटरवर धरून, टेपरच्या मागे, स्टेडीच्या बोटांपेक्षा थोडा रुंद पट्टा हलक्या कटांनी नेमका गोल करून घ्यावा. त्या पट्ट्याशेजारी डायल आधी वरून आणि मग समोरून लावावा, खालची दोन बोटे एकेक करून टेकवावीत आणि शेवटी वरचे बोट आणावे. बोट टेकताना काटा हलला तर शाफ्ट आपल्या जागेवरून ढकलला गेला, असे समजून ते बोट मागे घ्यावे. शाफ्ट स्टेनलेसचा असेल तर बोटांना पितळी टोके आणि भरपूर ग्रीस हवे, कारण स्टेनलेस कोरडा घासला की लगेच ओरखडतो. मशीन चालू करण्यापूर्वी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा.

उष्णतेचाही विचार करावा लागतो. दीड मीटरचा स्टेनलेस शाफ्ट ३० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.७ मिमी वाढतो आणि चक व सेंटर यांच्यामध्ये अडकून वाकतो, म्हणून मधूनमधून सेंटरचा दाब सोडून पुन्हा हलका द्यावा.

मग स्लाइडकडे वळावे. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत स्लाइडच्या फटीत गंजाची बारीक पूड साचते आणि त्यामुळे सैल जिबसुद्धा (स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी) हाताला घट्ट वाटते. म्हणून जिब काढून, पुसून, तेल लावून मगच आवळावी. केरोसीनने पुसून तसेच सोडू नये, कारण त्याचा थर गंज अडवत नाही. हँडल फिरताना सारखा, हलका अडसर लागावा आणि टूल पोस्ट हाताने ढकलल्यावर डायलचा काटा हलून तिथेच राहू नये.

टेपर १:१२ (१२ मिमी लांबीला व्यासात १ मिमी फरक) असेल तर टॉप स्लाइडचा कोन सुमारे २ अंश २३ मिनिटे येतो, आणि एवढे बारीक माप स्लाइडवरच्या खुणांवरून घेता येत नाही. त्यासाठी सेंटरमध्ये सरळ ग्राउंड बार धरून टूल पोस्टवरचा डायल त्याला सेंटरच्या उंचीवर समोरून टेकवावा. टॉप स्लाइड ४८ मिमी चालवल्यावर काटा २ मिमी फिरला की कोन बरोबर. टूलची धारही सेंटरच्या उंचीवरच हवी, नाही तर टेपरची बाजू सरळ न येता किंचित वक्र होते. सॅडल (स्लाइड वाहून नेणारा भाग) बेडला (लेथच्या पायाला) लॉक करून कट घ्यावा.

शेवटचा कट राखून ठेवावा. टेपरला मार्किंग ब्लूचा पातळ थर देऊन त्याच नौकेचा पंखा हलकेच बसवून काढावा; निळा रंग फक्त जाड टोकाला पुसला गेला असेल तर शाफ्टचा कोन भोकापेक्षा मोठा झाला आहे, तेव्हा डायल लावून टॉप स्लाइड किंचित परत फिरवावी आणि मगच राखलेला कट घ्यावा.