नाव एक, कार्डं दोन: ग्राफिक्स कार्ड घेताना या चुका टाळा

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटर बाजारात, ‘३०६० आहे का?’ एवढंच विचारलंत तर दुकानदार ‘आहे’ म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड दोन प्रकारचं निघालं, १२ जीबी आणि ८ जीबी. दोन्हींत कोअर, म्हणजे चित्राची गणितं करणारे छोटे घटक, ३५८४च, म्हणून फरक फक्त मेमरीचा वाटतो. खरी गोम बसमध्ये, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातल्या डेटाच्या वाटेत आहे. १२ जीबीवाल्याची बस १९२ बिटची, ८ जीबीवाल्याची १२८ बिटची. त्यामुळे मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबीवरून २४० वर येतो. मेमरी भरलेली नसतानाही ८ जीबीचं कार्ड मागे पडतं ते यामुळे. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी ते घेऊ नका.

त्याच मालिकेतल्या आरटीएक्स ३०५० मध्ये फसगत याहून सोपी. ८ जीबीच्या मूळ कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस, तर ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटची बस. मात्र ६ जीबीचं कार्ड ७० वॅटमध्ये चालतं आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. ऑफिसमधून निघालेल्या जुन्या ब्रँडेड पीसीत टाकायचं असेल तर तेच घ्या.

‘जास्त जीबी म्हणजे जास्त वेग’ हा समज उलट्या बाजूने महाग पडतो. आरटीएक्स ४०६० टीआयची ८ आणि १६ जीबीची कार्डं कोअर आणि बस दोन्हींत सारखीच. ८ जीबी भरत नाही तोवर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) जवळपास तेवढ्याच मिळतात. भरली की मात्र चित्र अडखळतं, टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) धूसर राहतात. नवे मोठे गेम हाय टेक्श्चरवर खेळायचे असतील तरच १६ जीबीचे पैसे द्या.

आता मदरबोर्ड, इकडे फार कमी लोक बघतात. पीसीआयई म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं ती जोडणी, आणि लेन म्हणजे तिच्यातल्या डेटाच्या वाटा. आरटीएक्स ४०६०, ४०६० टीआय आणि एएमडीची आरएक्स ६६०० व आरएक्स ७६०० ही कार्डं पीसीआयईच्या सोळाऐवजी आठच लेन वापरतात. बोर्ड पीसीआयईच्या चौथ्या, म्हणजे जास्त वेगवान पिढीचा असेल तर काही अडत नाही. बी४५० चिपसेटच्या जुन्या बोर्डावर किंवा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी असेल तर तिसरीच पिढी मिळते. ५६००जी चौथ्या पिढीच्या बी५५० बोर्डावर बसवला तरीही. बहुतेक गेममध्ये तोटा थोडाच, पण मेमरी भरून डेटा स्लॉटमधून ये-जा करू लागला की झटके जाणवतात. चारच लेन आणि ४ जीबी मेमरी असलेलं आरएक्स ६५०० एक्सटी अशा बोर्डावर लावूच नका. सोळा लेनचं १२ जीबी ३०६० इथे निर्धास्त चालतं.

कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ‘४५० वॅट’ छापलेलं असतं, पण कार्डाला वीज देणारी ६+२ पिनची केबलच नसते. मग मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनांच्या प्लगचा, जोड लावून देतात. आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅटसाठी असतो; एका मोलेक्स तारेवर तेवढा भार टाकला की जोड तापतो, वितळतोही. गेम रंगात आला की पीसी अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या, कार्डावर नंतर.

कार्ड बसवूनही गेम रेंगाळतो? मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात तर नाही ना, ते बघा. ही चूक सर्रास होते. मग आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपचा, वापर पाहा. फ्रेमवर मर्यादा घातलेली नसताना तो ६०-७० टक्क्यांवरच अडकला असेल तर बहुधा प्रोसेसर कमी पडतोय, किंवा रॅमची एकच काडी लावलेली आहे. महागडं कार्ड घालून हे सुटत नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी कार्ड चालू करून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला सांगा. कोअर, मेमरीचा प्रकार आणि बसची रुंदी तिथल्या तिथे जुळवा. बस इंटरफेसचा, म्हणजे पीसीआयईची पिढी आणि लेन यांचा, आकडा रिकाम्या वेळी कमी दिसतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून टेस्ट चालवली की खरा आकडा येतो. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच असला पाहिजे, आणि बिलात ‘३०६०’ एवढंच न लिहिता जीबीसकट पूर्ण मॉडेल लिहून घ्या.