टेबल सॉची फेन्स जुळवायची साधी जिग: डायलपेक्षा रनरवर वेळ घालवा

टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेल्या करवतीवर, लाकूड ज्या सरळ पट्टीला टेकवून सरकवतात ती फेन्स. ही फेन्स ब्लेडला समांतर आहे का, हे पाहायला बहुतेक जण टेप काढतात. ब्लेडच्या पुढच्या दातापासून फेन्सपर्यंत मोजायचं, मागच्या दातापासून मोजायचं, आकडा सारखा आला की फेन्स सरळ. हा सल्ला देणाऱ्याला टेपचं हुक किती हलतं हे एकदा दाखवायला हवं. टेपवर बारीकात बारीक रेघ १ मिलिमीटरची, आणि आपल्याला पकडायचा आहे त्याच्या दहाव्या हिश्शाचा फरक. टेप घरी पडदे मोजायला ठेवा.

दुसरं म्हणजे, ब्लेड आणि फेन्स एकमेकांशी जुळवायचीच नसतात. दोन्ही जुळवायची टेबलावरच्या माइटरच्या खाचेशी. ती खाच टेबलातच कोरलेली असते, ती हलत नाही. माइटर गेज (कोनात कापायचं साधन) आणि क्रॉसकटची स्लेड (आडवं कापताना लाकूड धरणारी सरकती पाटी) त्याच खाचेत धावतात. आधी ब्लेड खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला समांतर. 

हे सगळं कशासाठी? फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकलेली असेल तर लाकूड तिथे चेंगरतं. ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात. ते लाकडाला उचलतात आणि थेट तुमच्या पोटाच्या दिशेने फेकतात. त्याआधीची पायरी म्हणजे कापलेल्या कडेवर काळे जळके पट्टे. ते दिसले की बरेच जण ब्लेडला धार लावायला घेऊन जातात. धार लावून आणलेलं ब्लेडही वाकड्या फेन्सवर लाकूड जाळतंच.

हे मोजायला जिग, म्हणजे मदतीचा साचा, घरीच बनवायचा. सामान फार लागत नाही. १८ मिमी प्लायचा साधारण हातभर तुकडा, रनरसाठी पट्टी, चार स्क्रू, फेविकॉल आणि एक डायल इंडिकेटर, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं घड्याळासारखं मोजमाप. प्लाय बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) ग्रेडचा घ्या. एमडीएफ पावसाळ्यात कडेने फुगतो. हार्डवेअर बोहरी आळीत मिळून जाईल. डायलसाठी १० मिमी प्रवासाचा, ०.०१ मिमी मोजणारा साधा प्लंजर (आत दाबला जाणारा दांडा) प्रकार पुरतो. असे डायल बनवणारी बेकर ही तर पुण्याचीच कंपनी. जुन्या बाजारातून घेणार असाल तर प्लंजर दाबून सोडून पाहा. काटा दर वेळी त्याच रेघेवर परतला तरच पैसे द्या.

जिगची रचना एका वाक्याची आहे: खाचेत सरकणारा रनर, त्याच्यावर काटकोनात आडवा बसवलेला प्लायचा तुकडा, आणि प्लायच्या टोकाला डायल. प्लायच्या दोन्ही टोकांना डायलसाठी भोक पाडून ठेवा. डावीकडे ब्लेड मोजायचं, उजवीकडे फेन्स, आणि मध्ये जिग उलटी फिरवायची वेळच येऊ द्यायची नाही. याचं कारण पुढे येईलच.

आता रनर. या टप्प्याने मला बराच काळ छळलं आहे. बाकी सगळं अचूक करूनही आकडे दर वेळी वेगळे येत असतील तर नव्वद टक्के वेळा गुन्हेगार हाच असतो. कुठेही वाचलं की एकच वाक्य सापडतं: 'रनर असा बसवा की बोटाने सहज सरकेल पण आडवा अजिबात हलणार नाही.' वाक्य सुंदर आहे. पुण्यात ते साधारण एक ऋतू टिकतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत रंधून तुम्ही लोण्यासारखा सरकणारा रनर बनवता, आणि जुलैत तो खाचेत असा अडकतो की हातोडीने काढावा लागतो. मग वैतागून तुम्ही त्यावर पॉलिश पेपर मारता, आणि दिवाळीनंतर तोच रनर खाचेत खडखडतो. सागवान स्थिर लाकूड म्हणतात आणि ते खरंही आहे, पण १९ मिमी रुंदीतही ओलाव्यामुळे दशांश मिलिमीटरचा फरक सहज पडतो. आपण पकडायला निघालोय तोच फरक तेवढा आहे.

त्यात भर म्हणजे खाच स्वतःच सगळीकडे सारख्या रुंदीची नसते. व्हर्नियर लावून पुढे, मध्ये आणि मागे मोजून पाहा, विशेषतः हलक्या वजनाच्या सॉवर. जिथे खाच अरुंद आहे तिथे बसेल असा रनर केला तर रुंद जागी तो डुलणार. रुंद जागेसाठी केला तर अरुंद जागी जाणारच नाही. याला रंध्याने उत्तर नाही.

लोखंडी पट्टी वापरा, असंही कोणी सुचवेल. आपल्याकडे दुकानात सहज हाती येते ती २० मिमीची, आणि बऱ्याच सॉची खाच पाऊण इंची, म्हणजे १९ मिमीच्या आसपास. कानशीने एक मिलिमीटर समान उतरवायला बसलात तर रविवार गेला. भोसरीत कोणाच्या शेडमध्ये मिलिंग करून मिळत असेल तर जरूर करा, पण खाच असमान असेल तर तीही डुलणारच.

म्हणून माझा ठाम सल्ला: घट्ट रनरचा नाद सोडा. रनर मुद्दाम ०.३ ते ०.५ मिमी सैल ठेवा आणि तो कायम खाचेच्या एकाच भिंतीला टेकवून सरकवा. अचूकता रुंदीतून येत नाही, त्या एका भिंतीतून येते. खाच रुंद असो वा अरुंद, रनर फुगो वा आकसो, भिंत तीच राहते.

कुठली भिंत? फेन्स ब्लेडच्या उजवीकडे वापरत असाल तर उजवी खाच घ्या आणि तिची डावी, म्हणजे ब्लेडकडची भिंत धरा. डायलचा प्लंजर फेन्सवर दाबला जातो तेव्हा त्याची स्प्रिंग जिगला डावीकडेच ढकलते, म्हणजे ती आपल्या बाजूने काम करते. ब्लेड मोजताना मात्र ती विरुद्ध ढकलेल, तेव्हा अंगठ्याचा जोर थोडा जास्त लावा. जिग उलटी फिरवू नका म्हटलं ते यासाठीच. फिरवली की रनरची दुसरी कड भिंतीला लागते, आणि दोन्ही कडा तंतोतंत सारख्या असतील यावर मी तरी पैज लावणार नाही.

अंगठ्यावर भरवसा नसेल तर रनरमध्येच स्प्रिंग करा. उजव्या कडेपासून ४ मिमी आत, दोन्ही टोकांकडून साधारण ६० मिमी लांब चीर बारीक करवतीने घ्या. दोन लवचिक जिभा तयार होतात. चिरेत जाड पुठ्ठ्याची छोटी पाचर सरकवली की जीभ बाहेर येऊन उजव्या भिंतीला दाबते आणि रनर आपोआप डावीकडे टेकतो. पावसाळ्यात पाचर काढायची, उन्हाळ्यात घालायची. डावी कड मात्र रंध्याने अगदी सरळ हवी. त्या कडेला पुन्हा हात लावू नका. पट्टी निवडताना टोकाकडून पाहा. पट्टी आडवी ठेवल्यावर वर्षवलयांच्या रेघा उभ्या दिसायला हव्यात. असं लाकूड रुंदीत कमी फुगतं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये कापलेल्या पट्ट्यांच्या ढिगात अशी एखादी शोधायला पाच मिनिटं लागतात. तेवढी द्या.

रनर झाला की परीक्षा. फेन्स लॉक करा, डायल टेकवा, साधारण एक मिलिमीटर दाब येऊ द्या आणि काटा शून्यावर आणा. आता जिग मुद्दाम हलवा, उचला, परत ठेवा, भिंतीला टेकवा. काटा दोन रेघांच्या आत परत आला पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका. त्यापुढचे सगळे आकडे निरर्थक असतील.

ब्लेड आता सोपं आहे. प्लग काढा, ब्लेड पूर्ण वर करा, एका दाताशेजारी पात्यावर मार्करने खूण करा. खूण पुढे आणून मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तीच खूण मागे नेऊन मोजा. एकाच जागेवर मोजल्यामुळे पातं थोडं वाकडं असलं तरी आकडा फसवत नाही. ०.१ मिमीच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर मोठ्या सॉमध्ये टेबलाचे बोल्ट ढिले करून लाकडी हातोडीने टेबल हलवतात, लहान सॉमध्ये ब्लेडच्या खालच्या बैठकीचे स्क्रू. मॅन्युअल पाहा.

फेन्सवर डायल पुढच्या टोकाला शून्य करा आणि जिग मागे सरकवा. मध्ये चार-पाच ठिकाणी थांबा. अॅल्युमिनियमच्या फेन्सला मध्येच पोट असतं. तसं असेल तर स्क्रू पिळून काही होणार नाही, फेन्सवर सनमायका लावलेला सरळ प्लाय चढवा. मागच्या टोकाला फेन्स किती हवी यावर लोक वाद घालतात. काही जण तंतोतंत शून्यावर अडून बसतात. मी ती मागे ०.०५ ते ०.१ मिमी बाहेर, म्हणजे ब्लेडपासून दूर ठेवतो. लाकूड मागे चेंगरायची भीती राहत नाही. त्याहून जास्त उघडी ठेवू नका. पाव मिलिमीटर उघडी फेन्स म्हणजे लाकूड तिरकं सरकतं आणि दुसऱ्या बाजूच्या तुकड्यावर ब्लेडच्या रेघा उमटतात. आत मात्र कधीच नको, एक रेघसुद्धा.

टी आकाराच्या फेन्सला डोक्यात दोन ग्रब स्क्रू असतात, अॅलन की पाव वळसा फिरवा आणि पुन्हा मोजा. काही फेन्सना वरचे दोन बोल्ट ढिले करून हाताने सरळ करावं लागतं. मोजायचं मात्र नेहमी लॉक लावल्यावर. बऱ्याच फेन्स लॉक करताना एका बाजूला ओढल्या जातात. म्हणून लॉक उघडा, सरकवा, लावा, मोजा, आणि हे काही वेळा करा. दर वेळी आकडा वेगळा येत असेल तर दोष जुळवणीत नाही, पुढच्या रुळावर भुसा बसलेला असेल किंवा लॉकच झिजलेला असेल. शेवटी लॉक लावलेल्या फेन्सचं मागचं टोक बोटाने दाबून काट्याकडे पाहा. काटा धावत असेल तर लाकूड रेटतानाही तेवढीच हलणार.

डायल विकत घ्यायचा नसेल तर त्याच जागी पितळी स्क्रू लावा. झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदाची पट्टी घ्या, तिची जाडी जवळजवळ ०.१ मिमी असते. पुढच्या टोकाला स्क्रू इतका बाहेर आणा की कागद स्क्रू आणि फेन्समधून किंचित ओढ लागत सरकेल. मागे नेल्यावर तोच कागद मोकळा सुटला की फेन्स थोडी उघडी आहे. तिथे दोन पदर कागद सहज जात असतील तर जास्तच उघडी आहे. कागद फाटला तर ती बंद होत आहे, लगेच दुरुस्त करा. बऱ्याच कामांना एवढं पुरतं.

फेन्स टेबलाशी उभी काटकोनात आहे का, ते गुण्या लावून पाहा.

राहिला रुळावरच्या मोजपट्टीचा काटा. फेन्स हलवली की तो खोटं बोलायला लागतो. टाकाऊ प्लायची एक पट्टी १०० मिमीवर लावून कापा, व्हर्नियरने मोजा आणि जो आकडा येईल तिथे काटा सरकवून स्क्रू आवळा. जाड ब्लेड काढून पातळ लावलंत की हे एवढं पुन्हा करायचं, फेन्सला हात लावायची गरज नाही.