वळणाच्या गोधडीला कैची लावण्याआधी

कापसाची शेवटची वेचणी उरकली, तूर घरात आली की मृगापर्यंत हात जरा मोकळे होतात. विदर्भात गोधडी धरायची ती याच दिवसांत. यंदा लॉग केबिनचा वळणाचा प्रकार करणार असाल, तर मशीनवर बसण्याआधीची तयारी नीट करा. या नमुन्यात शिवण सोपी आहे, सगळी कसोटी तयारीची आहे.

साधी लॉग केबिन म्हणजे मधे एक चौकोन आणि त्याच्याभोवती फिरत जोडलेल्या पट्ट्या, लगतच्या दोन बाजू उजळ, उरलेल्या दोन गडद. असा एक पूर्ण चौकोनी तुकडा म्हणजे एक ठिगळ. अमेरिकेत 1860 नंतर हा नमुना घरोघरी पोचला. मधला चौकोन तिथे लाल ठेवत, घरातल्या शेकोटीचा म्हणून. वळणाच्या प्रकारात फरक एवढाच की उजळ पट्ट्या अरुंद आणि गडद पट्ट्या रुंद. त्यामुळे मधला चौकोन एका कोपऱ्याकडे सरकतो, आणि चार ठिगळांचे गडद कोपरे एकत्र आणले की सरळ पट्ट्यांतूनच गोल उमटतो. एकही शिवण वाकडी घ्यावी लागत नाही.

आधी पेटीतलं कापड बाहेर काढा. जुनी सुती लुगडी, धोतरं, सदरे चालतील. सुती आणि सिंथेटिक मिसळू नका, इस्त्रीखाली एक टिकतं आणि दुसरं आकसतं. शंका असेल तर कडेचा दोरा काढून जाळा. सुती दोरा कागदासारखा जळून मऊ राख होतो, सिंथेटिकचा कडक मणी उरतो. मग कापड उन्हाकडे धरा. जिथून ऊन जाळीसारखं दिसतं तो भाग विरलेला, तो बाजूला. लुगड्याचा बसण्याचा भाग बहुधा असाच जातो, पदराकडचा चांगला निघतो. लाल आणि निळं कापड कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीसोबत भिजवा. चिंधी रंगली तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, तरीही रंग सुटत असेल तर ते कापड या गोधडीत घेऊच नका.

मग उजळ-गडद निवडा, आणि इथे घाई नको. रंग कोणता यापेक्षा तो किती गडद हे महत्त्वाचं. हिरवं आणि लाल शेजारी उठून दिसतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर गोल हरवतो. सगळे तुकडे अंगणात मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. जो तुकडा ना इकडचा ना तिकडचा दिसतो तो किनारीसाठी ठेवा. माझ्या मते या नमुन्याचं अर्धं यश या एका फोटोत आहे.

वापरलेलं सुती कापड मऊ पडतं आणि कापताना सरकतं. म्हणून साबुदाण्याची खळ द्या, दमट असतानाच इस्त्री करा. लाइट जायच्या आत इस्त्रीचं काम एकदमच उरकलेलं बरं.

आता माप. मधला चौकोन अडीच इंच, उजळ पट्ट्या 1 इंच रुंद, गडद दीड इंच, ही मापं पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, धरून आहेत. दर फेरीत आधी दोन उजळ, मग दोन गडद, अशा चार फेऱ्या. प्रत्येक ठिगळाला उजळ पट्टी 40 इंच आणि गडद 46 इंच लागते. 48 ठिगळांसाठी, 45 इंच पन्ह्याचं कापड धरलं तर, तूटफूट धरून उजळ दीड मीटर आणि गडद अडीच मीटर काढून ठेवा. मधल्या चौकोनांना एक ब्लाउजपीस पुरतो. सहा आडवे, आठ उभे जोडले की 48 बाय 64 इंच होतं. चारी बाजूंनी 6 इंचांची किनार लावली की 60 बाय 76, एका माणसाला पुरेल एवढी. किनारीला लुगड्याचे काठ वापरा, काठाला पट्टी जोडून रुंदी भरून काढा. अस्तराला दोन पन्हे जोडून 64 बाय 80 तयार ठेवा.

सगळ्या पट्ट्या कापण्याआधी एकच ठिगळ शिवून पाहा. प्रत्येक फेरीनंतर इस्त्री करून मोजा: 4, साडेपाच, 7, साडेआठ इंच. एका आडव्या ओळीत 8 शिवणी येतात. प्रत्येक शिवण अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत गेली तरी दोन्ही कापडांचं मिळून एक सूत जातं, आणि ठिगळ इंचभर लहान पडतं. माप कमी आलं तर मशीनच्या सुईपासून पाव इंचावर पाट्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवूनच चालवा. माप जुळेपर्यंत दुसरं ठिगळ धरू नका.

पट्ट्या लांबीनुसार वेगळ्या जुड्यांत बांधा, चिठ्ठी लावा. सुई 14 नंबरची, नवी. बॉबिन दोन-तीन आधीच भरून ठेवा, दोरा सुतीच. मधे भरायला कापूस पातळ घ्या किंवा जुनं धोतर एकपदरी. शिवणी जवळजवळ असल्याने जाड भराव घेतलात तर हाताने धावदोरा घालताना सुई अडते. तसं असेल तर धावदोऱ्याऐवजी प्रत्येक ठिगळाच्या कोपऱ्यात पक्क्या गाठी मारा. लॉग केबिनच्या कितीतरी जुन्या गोधड्या अशा गाठींनीच बांधलेल्या आहेत.