उधारीवर निर्यात करताय? ईसीजीसीचं कवच असं घ्या

परदेशातल्या गिऱ्हाइकाला माल उधारीवर पाठवला की पैसे खात्यात पडेपर्यंत जीव टांगणीला लागतो. हा धोका वाटून घेण्यासाठी केंद्र सरकारने 1957 साली मुंबईत एक संस्था काढली. तीच आजची ईसीजीसी (एक्सपोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन), निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी. गिऱ्हाइकाचं दिवाळं निघालं, त्याने पैसे थकवले, त्याच्या देशात युद्ध पेटलं किंवा तिथून परकीय चलन बाहेर पडणं थांबलं, तर नुकसानीचा मोठा भाग, साधारण 90 टक्क्यांपर्यंत, ती भरून देते.

पण आधी एक गैरसमज दूर करू. तासगावच्या एका बेदाणा निर्यातदाराची फाइल माझ्यासमोर आली होती. दुबईच्या गिऱ्हाइकाने 60 दिवसांच्या उधारीवर कंटेनर उचलला आणि नंतर फोन घेणंच बंद केलं. "बँक माझ्या खात्यातून ईसीजीसीचा प्रीमियम कापतेय की," असं म्हणत त्यांनी खातेउतारा पुढे केला. पॅकिंग क्रेडिटवरच्या, म्हणजे माल पाठवण्याआधी बँकेकडून घेतलेल्या कर्जावरच्या, प्रीमियमच्या नोंदी होत्या, अगदी ओळीने. पण ते कवच बँकेचं होतं! निर्यातदाराने कर्ज थकवलं तर भरपाई बँकेला मिळते आणि कर्ज निर्यातदाराच्या डोक्यावर तसंच राहतं. स्वतःच्या नावाची पॉलिसी त्यांनी घेतलीच नव्हती. तुमचा खातेउतारा आजच काढून बघा.

पॉलिसी घेताना आयईसी (आयात-निर्यातीसाठी सरकारकडून मिळणारा) क्रमांक, वर्षभरात किती माल कुठे जाणार याचा अंदाज आणि गिऱ्हाइकांची यादी तयार ठेवा. सगळी उलाढाल झाकणारी पॉलिसी घेतली तर फक्त धोक्याची गिऱ्हाइकं निवडून देता येत नाहीत. एकाच गिऱ्हाइकाशी व्यवहार असेल तर त्याच्यापुरतीही पॉलिसी मिळते. प्रीमियम देशाच्या जोखमीवर आणि पैसे येण्याच्या मुदतीवर ठरतो.

त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी बायर लिमिट, म्हणजे त्याच्या किती उधारीपर्यंत कवच मिळेल ती मर्यादा, मागा, आणि तेही माल निघायच्या आधी. ईसीजीसी त्या गिऱ्हाइकाची पत तपासते. ती तपासणी हाच मला या व्यवस्थेचा सर्वात मोठा फायदा वाटतो, कारण लिमिट नाकारलं गेलं तर सावध व्हायला वेळ मिळतो. नाव अक्षर न अक्षर जुळवा. लिमिट 'ट्रेडिंग एलएलसी'च्या नावाने आणि बिल 'जनरल ट्रेडिंग एलएलसी'च्या नावाने, असं झालं तर दाव्याच्या वेळी ती दुसरी कंपनी ठरू शकते.

उलाढालीच्या पॉलिसीत महिन्याचा निर्यात तपशील पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत द्यायचा असतो. पैसे द्यायच्या तारखेला 30 दिवस उलटूनही आले नाहीत, तर तेही कळवायचं. इथेच माणसं भिडेखातर गप्प बसतात. "पुढच्या आठवड्यात नक्की" असे निरोप येत राहतात आणि कळवायची तारीख टळते. गिऱ्हाइकाला मुदत वाढवून देण्याआधीही ईसीजीसीला विचारा.

काय झाकलं जात नाही, ते पक्कं माहीत हवं. रुपयाची चढउतार नाही. माल मुळातच नाशवंत म्हणून खराब झाला तर तेही नाही. वाटेत पाणी लागून भिजला तर तो सागरी विम्याचा विषय. गिऱ्हाइकाने दर्जाचा वाद काढला, तर त्याच्या देशातल्या न्यायालयाचा निकाल तुमच्या बाजूने लागेपर्यंत दावा अडतो. म्हणून कंटेनर भरतानाचे फोटो, मंजूर नमुना आणि तपासणीचा दाखला एकाच फाइलमध्ये ठेवा.

पैसे थकल्याचा दावा साधारणपणे देय तारखेनंतर चार महिन्यांनी उभा राहतो. तोवर वसुलीचे प्रयत्न चालू ठेवा, प्रत्येक पत्र जपा आणि दावा करायची शेवटची तारीख पॉलिसीत वाचून कॅलेंडरवर लिहा. भरपाई मिळाल्यावरही वसुली सोडायची नाही. पुढे गिऱ्हाइकाकडून काही आलं, तर नुकसान ज्या प्रमाणात वाटलं गेलं त्याच प्रमाणात ईसीजीसीचा वाटा तिला द्यावा लागतो.